पत्राचा शेवट कुठं गेला?
दर रविवारी ईमेलने पत्र पाठवायचं, हे वर्षभर चाललं. आठव्या महिन्यात मावशीचा फोन: "अरे, गोष्ट मध्येच सोडतोस होय? करपलेल्या पिठल्याचं पुढं काय झालं?" घरी जाऊन तिचा मोबाइल पाहिला, तर पत्र अर्ध्यावर तुटलेलं. जीमेल साधारण १०२ केबीनंतरचा मजकूर झाकून खाली बारीकशी लिंक ठेवतं. त्यात यूटीएफ-८मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट जागा खातं, इंग्रजीचं एकच. पण खरा चोर मीच. वर्डमधून थेट पेस्ट करायचो, सोबत फॉन्ट-रंगांचा न दिसणारा कचरा यायचा. आता आधी नोटपॅडमध्ये टाकतो, तिथून उचलतो, मग स्वतःलाच एक पत्र धाडून तळाशी माझं नाव दिसतंय ना बघतो. मावशीला मात्र पिठलं तोंडीच सांगावं लागलं.