स्वस्तातलं १९११: पारखायचं कसं आणि पैसे कशावर घालायचे

शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगचं .४५ इंच बोअरचं पिस्तूल अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं, म्हणून त्याचं नाव '१९११', आणि १९८५मध्ये बेरेटा कंपनीचं पिस्तूल निवडलं जाईपर्यंत तेच अधिकृत राहिलं. पेटंट कधीच संपली, त्यामुळे आज हा आराखडा कुणीही वापरू शकतं. फिलिपिन्सची आर्मस्कोर 'रॉक आयलंड' या नावाने, तुर्कस्तानातल्या टिसास आणि गिरसान आपापल्या नावांनी त्याच्या साध्या, जुन्या लष्करी धाटणीच्या नकला बनवतात. अमेरिकेत या ढोबळमानाने ४०० ते ५५० डॉलरला पडतात, म्हणजे कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या नव्या १९११च्या साधारण निम्म्या किमतीत.

एवढ्या पैशात आपण खरं म्हणजे फ्रेम (मुठीसकटचा सांगाडा), स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि नळी विकत घेत असतो. बाकी जवळपास सगळं दहा ते साठ डॉलरच्या सुट्या भागांत बदलता येतं. म्हणून दुकानात डोळे या तिघांवर ठेवायचे. मुठीवरची लाकडी ग्रिप किती सुंदर आहे हे शेवटी बघितलं तरी चालतं.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी आधी एक गोष्ट. ग्रीन कार्डवाल्यांना परवानाधारक दुकानातून, तपासणीचा फॉर्म भरून पिस्तूल घेता येतं. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र केंद्रीय कायद्याने शस्त्र बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच. राज्याचे नियम याशिवाय वेगळे.

दुकानात

मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये (नळीचा मागचा, गोळी बसते तो भाग) डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून पुन्हा खात्री करा. रिकामा चाप ओढण्याआधी दुकानदाराला विचारा. या पिस्तुलाला त्याने काही होत नाही, पण ती रीत आहे.

आता स्लाइड बंद करा आणि वरून, पुंगळी (उडालेल्या गोळीचं रिकामं कवच) बाहेर पडते त्या खिडकीतून दिसणाऱ्या नळीच्या मागच्या भागावर अंगठा जोरात दाबा. नळी खाली दबून पुन्हा वर आली, तर तिचे दात स्लाइडच्या खाचांत नीट बसत नाहीत. असं पिस्तूल परत ठेवा. याउलट स्लाइड आणि फ्रेम हलवून खुळखुळ ऐकू आली, तर घाबरू नका. लष्करी १९११ तशीच खुळखुळायची आणि चिखलातही चालायची. नेमबाजीत फरक पडतो तो नळी दर वेळी त्याच जागी बसते की नाही याने.

डाव्या बाजूला, सेफ्टी (अंगठ्याने लावायची खिट्टी) आणि स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवणारी कळ) यांच्यामध्ये एक बारीक नळकांडं असतं. त्यात दोन छोटे खिळे आणि एक स्प्रिंग असते. ते नखाने हलवून बघा. फ्रेममध्ये ते फक्त ठोकून बसवलेलं असतं. ढिलं झालं तर सेफ्टी मध्येच अडकते. पुन्हा ठोकायला खास हत्यार लागतं, त्यामुळे नव्या पिस्तुलात हे हललं तर दुसरा नग मागा.

मग सेफ्टीच्या चाचण्या. सगळ्या रिकाम्या पिस्तुलावर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. हॅमर (मागचा घोडा) ताणा आणि मुठीमागची ग्रिप सेफ्टी न दाबता चाप ओढा: हॅमर पडता कामा नये. स्लाइड पाव इंच मागे धरून चाप ओढा: तरीही पडता कामा नये. आता चाप ओढून हॅमर पडू द्या, चाप दाबलेलाच ठेवा, स्लाइड मागे ओढून सोडा: हॅमर ताणलेलाच राहायला हवा, आणि चाप सोडल्यावर 'टिक' असा आवाज यायला हवा.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी अंगठ्याच्या सेफ्टीची, आणि नेमकी तीच बहुतेक जण अर्धवट करतात. हॅमर ताणा, सेफ्टी वर करा, ग्रिप घट्ट धरून चाप नेहमीपेक्षा जोरात ओढा आणि सोडा. हॅमर पडला नाही म्हणून लगेच समाधान मानू नका. सेफ्टी खाली करा, चापाला हात न लावता पिस्तूल कानाजवळ आणा आणि हॅमर अंगठ्याने केसभर मागे घ्या. काहीच ऐकू आलं नाही तर उत्तम. अगदी बारीकसं 'टिक' ऐकू आलं, तर सेफ्टी असतानाही सिअर (ताणलेला हॅमर धरून ठेवणारी खिट्टी) थोडी सरकली होती आणि आता ती जागेवर परत बसली. सेफ्टीचा आतला उंचवटा सिअरच्या शेपटीला पुरता अडवत नाही, असा याचा अर्थ. नवीन पिस्तूल असेल तर वॉरंटीत पाठवा. जुनं असेल तर नवी सेफ्टी गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडून, बसवून घ्या. हा भाग घासून बसवावा लागतो. आणला आणि खोचला असं चालत नाही.

घरी, पहिल्या सफाईच्या वेळी

कारखान्याचं तेल गंजापासून बचावासाठी असतं, वंगण म्हणून नाही. सगळं पुसून काढा. मग नळी फ्रेमवर ठेवा, तिच्याखालची लिंक (छोटी हलती कडी) स्लाइड स्टॉपच्या पिनने अडकवा आणि नळी मागे व खाली दाबा. गोळी ज्यावरून चढून चेंबरमध्ये जाते, त्या नळीच्या आणि फ्रेमच्या उतारांमध्ये साधारण एक बत्तीसांश इंच, म्हणजे ०.८ मिमी फट हवी. क्रेडिट कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, तेवढा अंदाज पुरतो. फट नसेल आणि नळीची कड पुढे आलेली असेल, तर गोळीचं नाक तिथे आपटतं. यावर उपाय म्हणून फ्रेमचा उतार गोल फिरणाऱ्या छोट्या मशीनने घासून चकचकीत करणारे खूप आहेत. त्यात उताराचा कोन बदलतो, आणि फ्रेम तर बदलता येत नाही. घासायचंच असेल तर नळीची कड, आणि तेही गनस्मिथने.

पिस्तूल पुन्हा जोडताना स्लाइड स्टॉप खालून वर अर्धगोल फिरवत ढकलला, की फ्रेमवर कमानीसारखा ओरखडा उठतो. इंग्रजीत त्याला सरळ 'इडियट स्क्रॅच' म्हणतात. स्टॉप थेट समोरून बसवा आणि त्याच्यामागच्या खिळ्याला बारीक पेचकसाने आत दाबा. फ्रेमवर आधीच चिकटपट्टी लावली तर आणखी बरं.

एक्स्ट्रॅक्टर: तक्रारींचं मूळ

१९११चा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्लाइडच्या आत बसलेली, पुंगळी नखाने धरून चेंबरबाहेर ओढणारी लांब पोलादी पट्टी. तिची स्प्रिंग तीच. थोडी वाकलेली असते म्हणूनच पुंगळीवर दाब येतो. स्वस्त नकलांमध्ये हा दाब कधी कमी असतो, कधी जास्त.

तपासायचं असं: स्लाइड वेगळी करा, नळी काढा. डमी काडतूस, म्हणजे बारूद आणि प्रायमर (बारूद पेटवणारी तळाची टोपी) नसलेलं, ब्रीचच्या तोंडावर (काडतुसाचा तळ टेकतो त्या स्लाइडच्या सपाट भागावर) खालून वर सरकवून एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली बसवा. स्लाइड आडवी धरून हळू हलवा. काडतूस टिकून राहायला हवं. लगेच पडलं तर दाब कमी. बसवतानाच जोर करावा लागला तर दाब जास्त. दाब मोजायचं गेज असेल तर २५ ते २८ औंसांच्या आसपास ठेवा. दाब वाढवायचा झाल्यास एक्स्ट्रॅक्टर बाहेर काढून त्याचं पुढचं टोक स्लाइडमधल्या त्याच्याच भोकात थोडं घाला आणि बाजूला हलकासा बाक द्या. पुन्हा बसवा, पुन्हा तपासा. एकदम वाकवू नका. आठवड्याभराचं काम नाही हे, चार-पाच प्रयत्नांत जमतं.

एक्स्ट्रॅक्टर मागून अडवणारी पट्टी, म्हणजे फायरिंग पिन स्टॉप, सैल असेल तर एक्स्ट्रॅक्टर आपल्या जागी गोल फिरतो. मग पुंगळ्या एकदा उजवीकडे, एकदा कपाळावर. यावर उपाय म्हणजे जरा मोठ्या मापाची स्टॉप पट्टी घेऊन तिच्या बाजू कानशीने घट्ट बसेपर्यंत घासणं. हा वीसेक डॉलरचा भाग पुष्कळ महागड्या भागांपेक्षा जास्त फरक पाडतो. फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) मात्र स्वतंत्रपणे मागवण्याआधी तिची जाडी मोजा. काही कंपन्या .४५मध्येही .३८ सुपर या दुसऱ्या काडतुसाच्या मापाची बारीक पिन वापरतात.

आणि चेंबरमध्ये हाताने एक गोळी टाकून त्यावर स्लाइड सोडायची सवय असेल तर मोडा. नखाला पुंगळीच्या कडेवरून उडी मारून जावं लागतं आणि ते तुटतं. गोळी नेहमी मॅगझिनमधूनच.

पहिले पैसे: मॅगझिन आणि स्प्रिंग

पिस्तुलासोबत आलेलं मॅगझिन सरावाला ठेवा. विल्सन, चेक-मेट किंवा मेक-गारची दोन-तीन मॅगझिन घ्या आणि प्रत्येकावर रंगाने आकडा लिहा. गोळी अडकली तर कुठल्या आकड्यात अडकली ते टिपता येतं. हा आकडा नसेल तर दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा हे कळायला उगाच महिने जातात.

पाच इंची नळीच्या .४५साठी रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड परत पुढे ढकलणारी, १६ पौंडांची. जास्त कडक स्प्रिंग पिस्तुलाला वाचवते, हा समज चुकीचा: ती स्लाइड इतक्या जोरात पुढे फेकते की मॅगझिनमधली गोळी नाक खाली घालते. दर दोन ते तीन हजार गोळ्यांनंतर बदला, सोबत फायरिंग पिनची स्प्रिंगही. या पिस्तुलांमध्ये फायरिंग पिन अडवणारा वेगळा ठोकळा बहुधा नसतो. हातातून पडल्यावर पिन पुढे सरकण्यापासून रोखायला तीच एक स्प्रिंग असते, म्हणून तिथे कंजुषी नको.

रेंजवर

कोणताही आतला भाग बदलल्यावर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी घाला. मग दोन. हॅमर स्लाइडमागोमाग खाली येत असेल किंवा दोन गोळ्या एकदम सुटल्या, तर तिथेच थांबा आणि पिस्तूल गनस्मिथकडे न्या. सगळं ठीक असेल तर २३० ग्रेन वजनाच्या, पूर्ण धातूच्या आवरणाच्या २०० गोळ्या, मधे सफाई न करता, फक्त रेल (स्लाइड सरकते त्या खाचा) आणि नळीच्या दातांवर तेलाचे थेंब घालत.

अडकलं की झटकून पुढे जाऊ नका, आधी बघा. गोळीचं नाक उतारावर टेकून थांबलं असेल, तर पहिला संशय मॅगझिनवर. गोळी जवळजवळ आत गेली, स्लाइड दोन-तीन मिमी मागे थांबली आणि अंगठ्याने ढकलल्यावर बंद झाली, तर एक्स्ट्रॅक्टरचा दाब जास्त आहे किंवा चेंबर मळलंय. पुंगळी चिमणीसारखी उभी अडकली, तर दाब कमी किंवा मनगट ढिलं. गोळ्या शिल्लक असताना स्लाइड मागे अडकली, तर आधी तुमचा अंगठा स्लाइड स्टॉपला लागतोय का ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं हे कधीच कळणार नाही.

नंतरचे पैसे

लष्करी धाटणीची पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, इतकी लहान असते की उन्हात ती दिसतच नाही. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आधी पांढरा, त्यावर केशरी रंग. बदलायचीच असेल तर बघा: डव्हटेल (तिरप्या कडांची आडवी) खाच असेल तर बदलणं सोपं. आतून ठोकलेली असेल तर साइटच्या खालच्या दांडीची रुंदी मोजावी लागते, .०५८ इंची अरुंद की .१२५ इंची रुंद, आणि बसवण्याचं काम गनस्मिथचं. घरी ठोकलेली साइट शंभरेक गोळ्यांत उडून गेलेली सापडते.

मोठा तळहात असणाऱ्यांची अंगठा आणि तर्जनीमधली कातडी हॅमरच्या शेपटीत चिमटते. जुन्या गोल फ्रेमवर न घासता बसणारी लांब शेपटीची ग्रिप सेफ्टी मिळते, पण तिच्यासोबत छोटा, मधे भोक असलेला हॅमर लागतो आणि मग सेफ्टीच्या वरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा. ग्रिप बदलायला पेच काढला की कधी त्याखालची बुशिंगच (पेच बसतो ती आट्यांची छोटी नळी) फ्रेममधून फिरून बाहेर येते. ती परत बसवताना निळा थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारा डिंक) बुशिंगच्या बाहेरच्या आट्यांना लावा, पेचाला नाही. सडपातळ ग्रिपला बुशिंगही आखूड लागतात, हे विसरून अनेकांना दुसरी ऑर्डर द्यावी लागते.

चाप हलका करायचा मोह सगळ्यांना होतो. सैन्याचं माप ५ ते ६.५ पौंड होतं. चार पौंडांखाली जायचं काही कारण नाही. तीन पानांच्या सिअर स्प्रिंगचं डावं पान सिअरवर, मधलं डिस्कनेक्टर (चाप आणि सिअर यांना जोडणारा-तोडणारा भाग) आणि चापावर, उजवं ग्रिप सेफ्टीवर दाबतं. चाप हलका व्हावा म्हणून डावं पान वाकवलं की हॅमर स्लाइडमागोमाग पडायला लागतो. त्यापेक्षा २३ पौंडांच्या हॅमर स्प्रिंगऐवजी १९ची घाला आणि ५० गोळ्या चालवून प्रायमरवरचे ठसे खोल येताहेत ना ते बघा. हॅमर आणि सिअरच्या टोकांना घरी दगड लावू नका.

हे सगळं अमेरिकेतलं.  भारतात शस्त्राची दुरुस्ती आणि फेरफार करायलाही शस्त्र कायदा १९५९नुसार परवाना लागतो, आणि त्या कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोडतात. तेव्हा मुंबईच्या विमानात बसण्याआधी रेंजला नेलेली बॅग प्रवासाला घेऊच नका. घ्यावीच लागली तर सगळे कप्पे उलटे करून झटका, अस्तराच्या शिवणीत बोट फिरवा. .४५ची एक गोळी तिथे सहज लपते, आणि सहारच्या स्कॅनरवर ती लगेच दिसते.