पुणे–लोणावळा मार्गावर गाड्यांचे फोटो: सकाळी एक फलाट, दुपारी दुसरा

या मार्गावर गाडीचा चांगला फोटो हवा असेल, तर कॅमेऱ्याआधी उन्हाचा विचार करा. मार्ग ढोबळमानाने पुण्याहून वायव्येला जातो आणि आपल्याकडे गाड्या डाव्या रुळावरून धावतात. त्यामुळे मुंबईकडे जाणारी गाडी नैर्ऋत्येच्या रुळावर असते, पुण्याकडे येणारी ईशान्येच्या. सकाळी पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांचा फलाट धरा, दुपारी तीननंतर मुंबईकडे जाणाऱ्यांचा. ऊन तुमच्या पाठीशी राहते आणि मध्ये दुसरा रूळही येत नाही. समोरच्या फलाटावरून टिपायला गेलात, तर नेमक्या क्षणी लोकल आडवी येते.

गाडी ज्या दिशेला जाणार, फलाटाच्या त्या टोकाकडे उभे राहा आणि तोंड येणाऱ्या गाडीकडे करा. शेवटचा उतार मात्र उतरू नका. तिथून पुढे रुळांची हद्द सुरू होते. विनापरवाना रुळांत शिरलात, तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्लॅटफॉर्म तिकीट किंवा प्रवासाचे तिकीट खिशात हवेच. ट्रायपॉड घरीच ठेवा. गर्दीत तो लोकांच्या पायात येतो आणि आरपीएफचे (रेल्वे सुरक्षा दलाचे) लक्ष लगेच जाते. खडकी आणि देहूरोडला आजूबाजूला लष्करी हद्द आहे, तिथे भिंतीपलीकडे कॅमेरा रोखू नका. पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक किंवा मोनोपॉड बाहेर काढणे जिवावर बेतेल: खालच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात.

ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर सरकते. म्हणजे शटर १/१००० सेकंद उघडे राहिले, तरी तेवढ्यात ती जवळजवळ ३ सेंटीमीटर पुढे गेलेली असते. समोरून येताना हे खपते, पण अगदी बाजूने टिपताना डब्यावरची अक्षरे फिसकटतात. तिथे १/२००० लावा. फोकस आधीच पक्का करा: गाडी जिथे टिपायची, त्या जागेच्या रुळावर फोकस घेऊन लॉक करा. नाहीतर कॅमेरा ऐन वेळी पुढचा खांब पकडतो. त्याच खांबाकडे दुसऱ्या कारणानेही लक्ष ठेवा. इंजिनाच्या डोक्यातून खांब उगवलेला दिसला, की फोटो गेलाच. दोन पावले सरकून पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारी छतावरची चौकट) मोकळ्या आकाशात येतो का, ते गाडी येण्याआधीच पाहून ठेवा. पेंटोग्राफ कापू नका.

लोकलच्या कपाळावरची एलईडी पाटी वेगळीच अडचण करते. हे दिवे डोळ्यांना सलग दिसले, तरी झपाट्याने मिटत-पेटत असतात. १/१००० वर ‘लोणावळा’मधले एखादे अक्षर गायब होते. पाटी पूर्ण हवी असेल, तर गाडी थांबल्यावर १/१०० किंवा त्याहून संथ शटर लावा. तिन्हीसांजेला हेडलाइटमुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि इंजिन काळे पडते. एक्स्पोजर दिव्यावर नको, डब्यांवर मोजा.

ऋतूनुसारही थोडा फरक पडतो. डिसेंबरच्या सकाळी ऊन आग्नेयेकडून येते, पुण्याकडे येणाऱ्या गाडीचे तोंड झळाळते. मे महिन्यात दुपारी सूर्य वायव्येकडे झुकतो, तेव्हा मुंबईकडे जाणारी डेक्कन एक्स्प्रेस सुरेख मिळते. एप्रिल-मेच्या भर दुपारी ३०० मिलिमीटरची, दूरचे जवळ आणणारी लेन्स काढूच नका. तापलेल्या खडीवरून उठणाऱ्या झळांनी चित्र थरथरते आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.

डेक्कन क्वीनसाठी मात्र हिशोब उलटा. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते, म्हणजे ऊन तिच्या पाठीवर असते. तोंडाचा हट्ट सोडा. गाडी पुढे गेल्यावर मागून टिपा, शेवटचा डबा सोनेरी उजळतो. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे तेव्हा हाती फारसे लागत नाही. हा फोटो एप्रिलसाठी राखून ठेवा.