ग्रुपवर ‘बहिष्कार टाका’चा मेसेज आला की काय करायचं

वर्ल्डकप नाहीतर ऑलिंपिक जवळ आलं की साताऱ्यातल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर ठरलेलं भांडण, एक गट म्हणतो तिकडं मजुरांचे हाल चाललेत यंदा मॅचची स्क्रीन नको, दुसरा म्हणतो वर्गणी झालीय आता कशाला राजकारण. तुमच्याकडं पण असंच होत असेल तर भांडायच्या आधी एवढं करा.

पहिलं म्हणजे आकडा तपासा. कतारच्या २०२२ च्या वर्ल्डकपवेळी ‘स्टेडियम बांधताना ६५०० मेले’ असं फिरत होतं. मूळ बातमी गार्डियनची, २०२१ ची, आणि त्यात भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका इथले दहाएक वर्षांत कतारमधे कुठल्याही कारणानं गेलेले लोक मोजलेले, नुसते स्टेडियमवरचे नाहीत. उलट आयोजक आधी म्हणत होते स्टेडियमच्या कामावर तीनच, आणि मग त्यांचेच प्रमुख मुलाखतीत वर्ल्डकपच्या कामांवर ४०० ते ५०० म्हणून गेले! त्यामुळं कुणाचाच आकडा डोळे झाकून पुढं ढकलू नका.

मग त्रास नेमका काय ते ग्रुपवर साध्या भाषेत लिहा. कफाला म्हणजे आखाती देशांतली मजूर ठेवायची पद्धत, तिच्यात मालकानं हो म्हटल्याशिवाय नोकरी बदलता येत नाही, वर एजंटला दिलेल्या पैशाचं कर्ज डोक्यावर. मुकादमाची उचल घेऊन आपल्या फडात आलेला ऊसतोड मजूर हंगाम अर्धा टाकून जाऊ शकतो का बघा, तसंच. (हे लिहिलं की बागायतदार मेंबर जरा गप्प होतात, असो.)

आता बहिष्काराची झळ कुणाला बसणार? रशियानं अफगाणिस्तानात फौज घातली म्हणून १९८० ला अमेरिका आणि साठेक देश मॉस्को ऑलिंपिकला गेले नाहीत, ती फौज तिथून निघाली १९८९ ला, मधल्यामधे खेळाडूंची वर्षं गेली. आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले आणि ब्राँझ मिळालं थेट १९५२ ला हेलसिंकीत, पैलवानाला दुसरा चान्स चार वर्षांनी मिळतो तोही नशिबानं. म्हणून मला २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकची पद्धत बरी वाटते, गलवानच्या चकमकीतला चिनी अधिकारी मशाल घेऊन पळाला तेव्हा भारताचे अधिकारी उद्घाटन-समारोपाला गेले नाहीत, दूरदर्शननं ते लाइव्ह दाखवलं नाही, पण आपला आरिफ खान स्कीइंगला उतरला.

पूर्ण बहिष्कारच टाकायचा तर मागणी एकच ठेवा आणि दम धरा. दक्षिण आफ्रिकेविरुद्धची १९७४ ची डेव्हिस कप फायनल भारतानं वर्णभेदामुळं सोडली, कप त्यांना फुकट गेला तरी सोडली. ऑलिंपिकमधे तर तो देश १९६४ पासून बाहेर होता तो १९९२ ला परत आला, तेही वर्णभेदाचे कायदे गेल्यावर.

आणि मॅचच्या आठवड्यात जागं होऊन काही होत नाही. कतारनं कफालातली मालकाच्या परवानगीची अट काढली २०२० ला, स्पर्धेच्या आधी, कारण कामगार संघटना कितीतरी वर्षं मागं लागलेल्या. २०३४ चा वर्ल्डकप सौदीला डिसेंबर २०२४ मधेच देऊन टाकलाय, दुसरा कुणी मागायलाच नव्हता. भारताचा फुटबॉल महासंघ फिफाचा मेंबर आहे, मजुरांसाठी काय अटी मागणार ते त्यांना मेल करून आत्ता विचारा, स्पॉन्सर कंपन्यांनाही विचारा.

स्क्रीनचं म्हणाल तर मी लावा म्हणतो, फक्त डिस्ट्रिब्युटर स्पॉन्सर कंपनीचा फुकटचा बॅनर घेऊन आला की मांडवाला बांधायचा नाही.