पाचर की पोकळ? पहिला वस्तरा घेण्याआधी

सलग दोन महिने मी वहीत एकच शेरा लिहीत होतो: ‘वेज ओढतो, गाल जळजळतो. फुल होलो मऊ.’ (वेज म्हणजे पाचरीसारख्या जाड पात्याचा वस्तरा, फुल होलो म्हणजे आतून कोरलेल्या पातळ पात्याचा.) वही म्हणजे खरीच वही, तारीखवार. पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर असल्यावर दाढीसुद्धा मोजमापाशिवाय होत नाही. उजव्या गालावर जर्मनीतल्या झोलिंगनचा फुल होलो, डाव्या गालावर, डाव्या हाताने, इंग्लंडमधल्या शेफिल्डचा जुना वेज. सकाळ तीच, फेस तोच, चेहराही तोच. मग एकदा झोपेच्या तारेत वस्तरे अदलाबदलीने उचलले गेले आणि जळजळ झाली ती पुन्हा डाव्याच गालावर. दोन महिने मी त्या बिचाऱ्या शेफिल्डच्या पात्याला माझ्या डाव्या हाताचे बोल लावत होतो!

पहिला वस्तरा घ्यायला निघालेले मित्र हमखास विचारतात, ‘कोणता ग्राइंड, म्हणजे पात्याचा कोणता घाट, जास्त आरामदायी?’ त्यांना मी आधी हीच गोष्ट सांगतो. प्रश्न बरोबर आहे, फक्त तो विचारायची वेळ चार महिन्यांनी येते.

नोकरीनिमित्त मी ड्युसलडॉर्फजवळ राहतो. झोलिंगन इथून लोकलने अर्ध्या तासावर. गावाची ओळखच पात्यांची. ‘झोलिंगन’ हे नाव पात्यावर कोणी उठवायचं यासाठी १९३८ साली खास कायदा झाला. गावाशेजारून वुपर नदी वाहते. तिच्या काठी पाणचक्कीवर चालणारी धारवाल्यांची जुनी घरं होती, त्यांना ‘कोटन’ म्हणतात. त्यातलं बाल्कहाउझर कोटन आता संग्रहालय म्हणून बघायला मिळतं. तिथे ते मोठाले गोल दगड पाहिले आणि लहानपणी आमच्या वाड्यात धोकटी घेऊन येणारे न्हावीमामा आठवले. डाव्या हातात चामड्याचा पट्टा ताणून धरत आणि उजव्या हाताने वस्तरा असा परजत की पट्ट्याच्या चटचट आवाजाला ताल असायचा. त्यांच्या पात्याचा ग्राइंड कोणता होता कोण जाणे. शेवटी तुरटीचा खडा फिरवला की आजोबा म्हणायचे, ‘झाला बुवा हलका.’

आता मुद्द्याचं. वस्तऱ्याचं पातं आडवं कापलं तर दिसणारा आकार म्हणजे ग्राइंड. दोन्ही बाजू जवळपास सपाट ठेवल्या, तर वरच्या जाड कण्यापासून खालच्या धारेपर्यंत सरळ निमुळती होत जाणारी पाचर मिळते. हाच वेज. त्याच बाजू आत कोरत गेलं की पाव होलो, हाफ होलो, फुल होलो अशा पायऱ्या लागतात. कोरायचं काम गोल दगड करतो. दगड जितका मोठा, तितका कोर उथळ. दगड लहान, तर कोर खोल. हाताने, मोठ्या दगडांवर घासायचे तेव्हाचे वस्तरे जाडजूड असण्याचं एक कारण हे. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत वितळवून पोलाद करायची पद्धत बसवली आणि शेफिल्डच्या वस्तऱ्यांना चांगलं पोलाद मिळालं, पण घाट बराच काळ पाचरीचाच राहिला. पातं कागदासारखं पातळ कोरायची कला पुढे जर्मनांनी, म्हणजे मुख्यतः झोलिंगनकरांनी, टोकाला नेली. तिथल्या फुल होलोच्या पोटात पुष्कळदा एक बारीकसा आडवा उंचवटा ठेवलेला असतो. पातळ पात्याला पीळ बसू नये म्हणून तो आधार.

पण धारेचा कोन या कोरण्यावर ठरत नाही. हे कळायला मला उगाच फार वेळ लागला. वस्तऱ्याला दगडावर धार लावताना कणा आणि धार दोन्ही दगडाला टेकलेले असतात. म्हणजे कोन ठरतो फक्त दोन मापांवर: कण्याची जाडी आणि पात्याची रुंदी. रुंदी इंचाच्या आठव्या भागात सांगतात. ५/८ म्हणजे साधारण १६ मिलिमीटर, ६/८ म्हणजे १९. सोळाच्या पात्याला ४.६ मिलिमीटरचा कणा असेल तर कोन येतो साडेसोळा अंशांच्या आसपास. एकोणीसच्या पात्याला साडेपाचचा कणा दिला तरी तेवढाच. मग ते पातं आतून कोरलेलं असो वा सपाट. केसाला भिडणारं टोक दोन्हींचं सारखंच असू शकतं. फरक असतो तो त्या टोकामागे किती पोलाद उभं आहे याचा.

ते मागचं पोलाद हाताला आणि कानाला कळतं. फुल होलो बोलतो. पत्र्याच्या छपरावर आणि कौलांवर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात जो फरक, तोच फुल होलो आणि वेजमध्ये. पातळ पातं केस कापताना थरथरतं आणि त्याची खरखर थेट कानात येते. नवशिक्याला याचा मोठा उपयोग आहे. कोन जास्त उभा झाला की आवाज बदलतो, फेस वाळला की बदलतो, धार उतरायला लागली की रखरखीत होतो. वेज यातलं फारसं काही सांगत नाही. चुकलात तर ते आरशात कळतं.

दुसऱ्या बाजूने, फुल होलो लवतो. हनुवटीवर, जिथे केस दाट आणि हाड वळलेलं असतं, तिथे दाब जरा जास्त पडला तर धार किंचित वाकून कातडीत शिरू पाहते. शनिवार-रविवार दाढी न केलेल्या सोमवारी मला हे नेमकं जाणवतं. तीन दिवसांच्या खुंटांतून वेज ढकलगाडीसारखा सरळ जातो, स्वतःच्या वजनानेच, हात फक्त दिशा दाखवतो. फुल होलोला तिथे आखूड आखूड हात मारावे लागतात. ‘राठ दाढीला वेज, विरळ दाढीला होलो’ असं सरसकट सांगणारे बरेच भेटतात. माझा अनुभव एवढाच, की रोज दाढी करणाऱ्याला हा फरक नगण्य आहे. टाळाटाळ करणाऱ्याला कळेल.

हाफ होलो या दोघांच्या मधला. थोडा बोलतो, थोडं वजन देतो, चूक थोडी पोटात घालतो.

डाव्या हाताचं पाप उघडं पडल्यावरही वेज जरासा ओढतच होता, हेही कबूल करतो. ती दुसरी भानगड. वेजच्या दोन्ही बाजू सपाट असल्यामुळे दगडाला टेकणारा धारेलगतचा पट्टा रुंद असतो. फुल होलोत तो मिलिमीटरभरही नसतो, वेजमध्ये दोन-तीन मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. तेवढं जास्त पोलाद झिजवल्याशिवाय धार टोकाला पोचत नाही. मी दोन्ही वस्तरे दगडावर सारखेच हात मोजून घासले होते, १००० नंबरच्या दगडावर इतके, ३००० वर इतके, ८००० वर इतके (नंबर मोठा, तितका दगड बारीक). फुल होलोला ते पुरले. वेज अर्ध्यावरच राहिला. मग दोन्ही एका जाणत्या माणसाकडून धार लावून आणले. तो तर हसलाच. म्हणाला, ‘हात मोजू नका, धार बघा.’ त्यानंतर दोन्हींमधला फरक माझ्या वहीतल्या शेऱ्यांच्या पावपटही उरला नाही.

त्यामुळे तुलना करायचीच असेल तर दोन्ही पाती एकाच हाताने धार लावलेली हवीत आणि गाल आठवड्याला अदलून बघायला हवेत. तोवर माझं ऐका आणि एकच वस्तरा घ्या. हाफ किंवा फुल होलो, ५/८ किंवा ६/८ रुंदीचा, टोक गोल. टोकदार अणीचे वस्तरे फोटोत झकास दिसतात आणि पहिल्या आठवड्यात कानाच्या पाळीला हिसका दाखवतात. वेजपासून सुरुवात करू नका, कारण घरी धार लावताना तुमचा धीर सुटेल.

सलूनमध्ये अर्धं ब्लेड मोडून घालतात तो उस्तरा हा वेगळाच प्राणी आहे. स्वच्छतेसाठी उत्तम, पण त्यावर हात बसवून ग्राइंडबद्दल काही कळणार नाही. ते ब्लेड हलकं, ताठ आणि चावरं. खऱ्या वस्तऱ्याचं वजन त्यात नाही. घरी धार लावायची कटकट नको असेल तर खुशाल तोच वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

जुना वस्तरा घ्यायचा तर, मी जत्रेत बैल बघावा तसा बघतो. धार टेबलावर सपाट टेकवायची नाही, डोळ्याच्या रेषेत धरायची. ती मधे आत गेलेली असेल तर नको, किंचित बाहेर फुगलेली चालेल. कण्याची झीज दोन्हीकडे सारखी आहे का ते पाहा. एकीकडे जास्त खाल्लेला असेल तर आधीचा मालक माझ्यासारखाच होता असं समजा. धारेलगत गंजाचे खड्डे असतील तर ते दगडावरही पुन्हा पुन्हा उघडे पडत राहतात. पात्याला नखाने टिचकी मारून ऐका. होलो खणखणीत वाजायला हवा. बद्द वाजला तर केसाएवढी चीर शोधा, बहुधा सापडते. आणि मुठी जुन्या सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकच्या, असतील, विशेषतः कासवाच्या पाठीसारख्या नक्षीच्या, तर तो वस्तरा बाकीच्यांपासून लांब ठेवा. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणारा वायू शेजारच्या पात्यांनाही गंज चढवतो.

रोजचं काम दगडाचं नाही, पट्ट्याचं. दाढीआधी चामड्यावर चाळीस ते साठ फेऱ्या, कणा पुढे आणि धार मागून. परतताना पातं कण्यावरून उलटवायचं, धारेवरून कधीच नाही. माझा पहिला पट्टा तीन आठवड्यांत चिरला तो याच चुकीने. इथे ग्राइंडचा फरक पुन्हा येतो: फुल होलोला पट्ट्यावर दाबलं तर धार लवून गोल होते, म्हणून नुसतं वजन टेकवायचं. वेज स्वतःच जड, त्याला सांगावं लागत नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त गाल. उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने करा. गरम पाण्याने चेहरा भिजवा, ब्रशने फेस चांगला चढवा, मोकळ्या हाताने कातडी ताणून धरा आणि पातं कातडीशी तीसेक अंशांवर ठेवून केसांच्या दिशेने न्या. उलटा हात महिनाभर विसरा. मानेवरचे केस कुठल्या दिशेला जातात ते बोटाने चाचपून ठेवा. माझे गळ्याच्या डाव्या बाजूला चक्क आडवे वाढतात. हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. फेस वाळला तर पुन्हा लावा, नाहीतर खरोखरच बिनपाण्याने होईल.

आणि नळाला जपा. वस्तरा धुताना माझा फुल होलो तोटीला लागला आणि धारेचा तिळाएवढा टवका उडाला. नुसता ‘टिंग’ असा आवाज, बाकी काही नाही. तो तीळ भरून काढायला दगडावर एक अख्खी संध्याकाळ गेली. वेजला एवढ्याने बहुधा ओरखडाही आला नसता.

गेल्या जुलैत रत्नागिरीला घरी गेलो तेव्हा दोन्ही वस्तरे सोबत नेले. अर्थात चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत ते चालत नाहीत. तिथल्या पावसात कार्बन स्टीलला पुसून ठेवणं पुरत नाही हे मला माहीत होतं, तरी ‘दोन दिवसांचा तर प्रश्न’ म्हणून चामड्याच्या म्यानात घालून ठेवले. चामडं ओल धरतं. तिसऱ्या दिवशी फुल होलोच्या पोटात तांबूस ठिपके. आईने खोबरेल तेल पुढे केलं. ते चिकट होत जातं, म्हणून शेजारून शिवणयंत्राचं तेल मागून आणलं. आता पावसाळ्यात पातं पुसतो, अर्धा तास उघडं ठेवतो, कापडाने तेलाचा पुसटसा हात फिरवतो आणि म्यानाऐवजी सुती कापडात गुंडाळतो.

वही अजून चालू आहे. गेल्या सोमवारची नोंद: ‘तीन दिवसांचे खुंट. वेज, दोन्ही गाल. डावा बरा.’

‘बरा’ या शब्दापर्यंत यायला अकरा महिने लागले. फुल होलो मंगळवार ते शुक्रवार वापरतो, त्याची खरखर ऐकल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.