समुद्रपक्ष्यांवरील परजीवी तपासताना या चुका टाळा

पावसाळ्यात वादळी वाऱ्याने भरकटलेला मास्क्ड बूबी किंवा सूटी टर्नसारखा समुद्रपक्षी कोकणच्या किनाऱ्यावर थकून पडलेला सापडतो, उचलताच त्याच्या पिसांतल्या उवा हातावर चढतात, आणि हा पक्षी उवांमुळेच आजारी पडला असे निदान तेथल्या तेथे केले जाते. बहुधा घडलेले असते ते उलट. धडधाकट पक्षी चोचीने पिसे विंचरून उवा आटोक्यात ठेवतो. उपासमारीने खंगलेल्या पक्ष्याला तेवढी ताकद उरत नाही, म्हणून त्या वाढतात.

त्यावर कडुनिंबाचे तेल, रॉकेल किंवा साबणाचे पाणी लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. पिसांची बारीक जाळीदार वीण तेलाने वा साबणाने बिघडली की पाणी थेट कातडीपर्यंत पोहोचते आणि अंगाची ऊब टिकत नाही. उवांना जे महिनोन्महिने साधले नसते ते आपण अर्ध्या तासात करून बसतो. वन विभागाला कळवावे, पक्षी कोरड्या, शांत खोक्यात ठेवावा आणि औषधाचा निर्णय पशुवैद्यावर सोडावा. या उवा सहसा ठरावीक जातीच्याच पक्ष्यांवर जगतात, त्यामुळे घरच्या कोंबड्यांची काळजी त्यांच्यापुरती अनाठायी आहे. हातमोजे मात्र हवेतच, कारण बर्ड फ्लूची शक्यता नाकारता येत नाही.

समुद्रपक्ष्यांच्या घरट्यांच्या वसाहतींत नोंदी घेणारे गोचिडांच्या बाबतीत फसतात. थंड समुद्रांतली इक्सोडेस युरिए ही गोचीड आयुष्यात तीनदाच रक्त पिते, पण दर वेळी काही दिवस चिकटून राहते, म्हणून ती पक्ष्याच्या अंगावर सापडू शकते. उष्ण समुद्रांतल्या बेटांवरची ऑर्निथोडोरोस कापेन्सिस ही मऊ गोचीड वाढलेली असली की दिवसा दगडांच्या फटींत दडते आणि रात्री थोडा वेळ रक्त पिऊन परतते. दुपारी पक्षी तपासून ‘गोचीड नाही’ असे लिहिणे म्हणूनच निरर्थक ठरते. घरट्याभोवतीच्या फटी आणि माती पाहिली पाहिजे. हिंदी महासागरातल्या सेशेल्समधील बर्ड आयलंडवर १९७० च्या दशकात सूटी टर्ननी घरटी सोडून दिली, त्यामागे विषाणू वाहणाऱ्या अशाच गोचिडी असल्याचे मानले गेले.

पोटातल्या कृमींबाबत घाई आणि गाफीलपणा दोन्ही नडतात. पाणकावळ्याने ओकलेल्या माशाबरोबर काँट्रासीकम गटातले गोलकृमी पडले, तर लगेच जंताचे औषध देऊ नये. हे कृमी माशांमधूनच येतात आणि चांगल्या पक्ष्यांच्या जठरातही असतात. पाणी व ऊब मिळून पक्षी सावरण्यापूर्वी औषधाचा ताण त्याला झेपत नाही. दुसरीकडे, विष्ठेच्या एकाच नमुन्यात अंडी दिसली नाहीत म्हणून पक्षी कृमिमुक्त ठरत नाही, कारण कोवळे कृमी अंडी घालत नाहीत आणि पट्टकृमींचे (टेपवर्म) अंडी असलेले तुकडे रोज पडतातच असे नाही.

मेलेला पक्षी तपासायचा असेल, तर तो ताबडतोब स्वतंत्र पिशवीत बंद करावा. अंग गार पडू लागताच त्यावरच्या चपट्या रक्तपिपासू माश्या उडून जातात. दोन पक्षी एकाच पिशवीत ठेवले, तर कोणती ऊ कोणाची हे पुढे कोणालाही सांगता येणार नाही. नमुने फॉर्मॅलिनमध्ये न ठेवता अल्कोहोलमध्ये ठेवावेत, कारण फॉर्मॅलिनमुळे डीएनए तपासणी अवघड होते.