जुनी सेडान घ्यायची तर मे महिन्यात बघा

जुनी सेडान बघायला जायचं तर मे महिन्यातली दुपार गाठा. अकोला-यवतमाळकडे पारा ४५ च्या वर जातो आणि गाडीचा खरा कस तेव्हाच लागतो. आईला तपासणीसाठी दारव्ह्याहून सेवाग्रामला न्यावं लागतं, म्हणून मीटरवरचे किलोमीटर मी शेवटी बघतो. आधी बघतो ते इंजिन थंड राहतं का.

मालकाला आदल्या दिवशीच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. तापलेलं असेल तर उकळतं पाणी तोंडावर उडतं. आत हिरवं किंवा गुलाबी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, दिसलं तर बरं. तांबूस, गढूळ पाणी आणि झाकणाखाली पांढरा थर असेल तर समजा, कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय. आमच्याकडचं पाणी क्षाराचं. गिझरची कॉईल थर धरते, तशाच रेडिएटरच्या नळ्या आतून धरतात. अशी गाडी हिवाळाभर काही तक्रार करत नाही, आणि एप्रिलमध्ये पाच माणसं बसवून लग्नाला निघालं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, जातं.

मग एसी लावून गाडी उन्हात वीसेक मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवा. पंखा फिरला पाहिजे, तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकता कामा नये. काही गाड्यांत काटाच नसतो, नुसता लाल दिवा असतो. तिथं मिस्त्रीकडून स्कॅनर लावून तापमान बघून घ्या.

त्याच मॉडेलचे जुने मालक गाठा. ‘गाडी कशी आहे?’ विचारलं की सगळेच ‘एक नंबर’ म्हणतात. ‘मागच्या तीन वर्षांत काय काय बदललं?’ असं विचारा. आमच्या भागात बहुतेक उत्तरं सारखीच येतात: लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, शॉकअप, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारे खालचे भाग. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो, त्यामुळे खालचं काम कुणालाच सुटत नाही. या खर्चाला मी भीत नाही, तालुक्याचा मिस्त्री ते करून देतो. पण ‘इंजिन उघडलं होतं’ असं कानावर आलं, तर का उघडलं ते कळेपर्यंत इसार देऊ नका.

माझी २०१३ ची पेट्रोल टोयोटा इटिओस आहे. हे मॉडेल भारतात २०२० मध्ये बंद झालं, तरी मी ती विकणार नाही. तिला टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतल्या भागांचा मेळ राखणारा पट्टा) नाही, त्याजागी चेन आहे; डिझायरच्या मूळ फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनालाही चेनच. ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च वाचतो, पण चेन तेलावरच जगते. म्हणून तेल बदलल्याच्या पावत्या मागाच.

टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी उन्हानं वाळलेला जुना टायर समृद्धी महामार्गावर नेऊ नका.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी घ्या, मग मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. नोंदणीची १५ वर्षं कधी भरतात तेही बघा.

आणि बोनेटखालच्या वायरी हातानं चाचपा. घरात कापूस भरला की उंदीर येतात. जागोजागी काळी टेप गुंडाळलेली दिसली तर वायरिंगचा खर्च किमतीतून कापून मागा.