फाइलचं नाव बदललं आणि इतिहास तुटला? गिटमधल्या या चुका टाळा

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन. जळगाव-धुळ्याकडच्या नव्या मुलांचा कोड तपासताना एक गोष्ट सारखी दिसते. कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, संदेश ‘फाइल रिनेम केली’, आणि डिफ, म्हणजे आधी-नंतरचा फरक, उघडावा तर एक अख्खी फाइल लाल (काढलेली), दुसरी अख्खी हिरवी (नवी). नेमकं काय बदललं, शोधत बसा.

मुळात गिट नावबदलाची नोंद ठेवतच नाही. जुनी फाइल गेली, नवी आली आणि दोन्हींचा मजकूर निदान ५० टक्के जुळला, तर डिफ दाखवताना ते ‘रिनेम’ असा अंदाज बांधतं. नाव बदलायची ‘गिट एमव्ही’ ही कमांड वापरली तरी वेगळी खूण कुठे राहत नाही.

समजा, रावेरच्या केळीचे भाव दाखवणारं ॲप आहे. ‘भाव.पीवाय’चं ‘केळी_भाव.पीवाय’ केलं आणि त्याच दमात फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन) चालवून टॅबच्या जागी स्पेस आणल्या. वाचायला कोड तोच, पण गिटच्या लेखी सरकलेली प्रत्येक ओळ नवी. निम्म्याहून जास्त मजकूर असा बदलला, तर रिनेम ओळखलं जात नाही. तेवढ्यात भुसावळच्या जोडीदाराने त्याच्या ब्रँचवर (कामाच्या वेगळ्या फांदीवर) जुन्या फाइलमधला क्विंटलचा हिशोब दुरुस्त केला असेल, तर मर्जला, म्हणजे दोन्ही ब्रँच एकत्र करताना, ‘मॉडिफाय/डिलीट’ कॉन्फ्लिक्ट येणारच: एकाने फाइल बदलली, दुसऱ्याने काढली, ठेवायचं काय? घाईत ‘डिलीट’ निवडलं की त्याची दुरुस्ती गेली. कष्ट दुसऱ्याचे वाया जातात, म्हणून ही चूक मला सगळ्यांत जास्त लागते.

नावबदलाचा कमिट वेगळा करा, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याने इतिहास वाचता येतो, नाव बदललेल्या फाइलचा जुना इतिहासही दाखवणारं ‘गिट लॉग --फॉलो’ नीट चालतं. पण मर्ज मधले कमिट बघत नाही. दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या ती जागा आणि दोन्हींची टोकं, एवढंच बघतं. म्हणून नावबदल आधी मेनमध्ये (सगळ्यांच्या मुख्य ब्रँचमध्ये) जाऊ द्या, जोडीदाराला तो घेऊ द्या, मगच फॉरमॅटर चालवा. नावबदल आणि फॉरमॅटिंग एकाच कमिटमध्ये गेलं असेल आणि तो अजून पुश केला (सर्व्हरवर पाठवला) नसेल, तर ‘गिट रीसेट --सॉफ्ट हेड~१’ करून त्याचे दोन करता येतात.

नाव एक्सप्लोररमधून बदलून ‘गिट कमिट --ऑल’ केलंत, तर जुनी फाइल गेल्याची नोंद होते, नवी मात्र बाहेरच राहते. आधी ‘गिट ॲड --ऑल’, मग ‘गिट स्टेटस’मध्ये ‘रिनेम्ड’ दिसतंय का बघा. फक्त कॅपिटलचं स्मॉल करायचं असेल, तर विंडोजवर ‘गिट एमव्ही’नेच करा, नाहीतर गिटला बदल कळत नाही आणि कॅपिटल-स्मॉल वेगळं धरणाऱ्या लिनक्स सर्व्हरवर इम्पोर्ट अडकतो.

आता तपासणाऱ्यासाठी आपल्या बदलांचा सारांश. तो लिहिताना ‘गिट डिफ मेन..फीचर’ असे दोन टिंब दिलेत, तर मेनवर मधल्या काळात इतरांनी केलेलं कामही उलटं होऊन तुमच्या नावावर दिसतं. तीन टिंब द्या, सोबत कुठल्या फाइलमध्ये किती ओळी बदलल्या ते दाखवणारं ‘--स्टॅट’. संदेशात ‘अपडेट’ नको. ‘भाव मोड्यूलचं नाव बदललं, हिशोब तोच, नंदुरबारच्या मिरचीचे भाव वेगळ्या फाइलमध्ये येणार आहेत’ असं लिहिलं, की तपासणाऱ्याला हिशोबाच्या ओळी पुन्हा वाचाव्या लागत नाहीत.